चातुर्मासात सोडलेल्या गोळ्या

वाशीला राहायला आलो तेव्हा सामान ट्रकमधून उतरलं, पण दमा सासूबाईंनी स्वतः छातीत जपून आणला. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तेव्हा धड बाजार नव्हता, खाडीवरचा वारा मात्र मुबलक. पहिल्याच थंडीत त्यांचा श्वास असा अडकला की डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. आठ दिवस घ्या आणि मला येऊन भेटा, म्हणाले.

तीन दिवसांत सासूबाई न थांबता जिना चढल्या. औषध एवढं लागू पडल्यावर डॉक्टरांकडे जातंय कोण? आमचे हे तीच जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणत राहिले. सासूबाईंचा चेहरा गोल गरगरीत झाला. शेजारणी म्हणायच्या, "वाशीची हवा मानवली हो यांना!" हातपाय काडीसारखे होत चालले होते, तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही. मला दिसायची ती त्यांची भूक. ऑफिसातून यावं तर पोळ्यांचा डबा रिकामा, आणि वर माझ्या पोळ्यांना नावं. चिडचिड तर विचारूच नका. इतकी वर्षं दम नव्हता म्हणून गप्प होत्या, आता सगळं उट्टं काढत होत्या.

आमच्याकडे चातुर्मासात काहीतरी सोडायची पद्धत. कोणी कांदा, कोणी वांगं, कोणी चहा. दीड वर्ष गोळ्या चालू होत्या तेव्हाची गोष्ट. एकादशीच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, "यंदा मी काय सोडू गं?"

"त्या गोळ्याच सोडा ना, आई. तब्येत तर ठणठणीत आहे तुमची," मी खवचटपणे म्हणाले.

त्यांनी देवापुढे पाणी सोडून खरंच सोडल्या.

चौथ्या दिवशी पोटात पाणी ठरेना. पाचव्या दिवशी बाथरूममध्ये बसल्या त्या उठता येईना. आम्ही उपासाच्या भगरीला दोष देत बसलो. हॉस्पिटलात नेलं तेव्हा ब्लडप्रेशर पार खाली गेलं होतं. सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं. त्या थोड्या शुद्धीवर आल्यावर डॉक्टर ह्यांच्यावर उखडले, "दीड वर्ष? अहो, स्टिरॉइड बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं. ही गोळी एकदम तोडायची नसते, हळूहळू उतरवायची असते. बंद करायला सांगितलं कोणी?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. माझ्या भाजीत मीठ जास्त पडलं तरी चार घरी सांगणाऱ्या सासूबाईंनी डोळे किलकिले केले.

"कोणी नाही. माझंच खूळ."

पुढे कित्येक महिने डॉक्टर सांगतील तशी मी सुरीने गोळी कापत होते. आधी अर्धी कमी, मग पाव. त्या तळहात पुढे करायच्या. माफी मागायला रोज सकाळ मिळत होती. मी नुसता पाण्याचा पेला पुढे करायचे.