मास्तरच्या किडनीची चौकीदारीण

"कोन शिंकलं बे?"

मास्तरच्या घराच्या पायरीवर माझा एक पाय होता, दुसरा अजून हवेत. दारात मास्तरची थोरली बहीण, हातात सूप.

"शिंक नाही अक्का, सायकलची हवा गेली," मी म्हणालो.

"सायकलीले शेंबूड काऊन मंग? हो मांगं."

मी मागे झालो. अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात या बाईसमोर मागे न झालेला माणूस मला अजून भेटायचा आहे. ती आमच्या गावात, उंद्रीत, ओरडली की चिखलीच्या स्टँडवर उभी एस.टी. आपोआप निघायची.

आमच्याकडे लोक दाढ काढायची म्हटली तरी मृत्युपत्र करत, त्या काळात अक्कानं मुंबईला जाऊन आपली एक किडनी धाकट्या भावाला दिली. दिली म्हणजे ठेवायला दिली, मालकी तिचीच. डॉक्टरनं बजावलं होतं की परकी किडनी शरीरानं हाकलू नये म्हणून गोळ्या जन्मभर, पण त्या गोळ्यांनी रोगाशी झगडायची ताकदही जाते. साधी सर्दी महागात पडेल. कांजण्या आल्या तर किडनी जाईल, माणूसही जाईल. लहानपणी दोघा भावंडांना त्या आल्याच नव्हत्या. अक्कानं गावाला हे असं समजावलं, "गोळ्यायनं त्याच्या आंगातला चौकीदार झोपवला. आता चौकीदार मी."

तेव्हापासून ती बसली म्हणून नाही. पोस्टमनच्या हातचं पत्र चिमट्यानं घ्यायची. पोरांच्या वह्या मास्तरकडे जाण्याआधी दिवसभर कुरडयांसारख्या उन्हात वाळत घालायची. सरपंचाचा घसा बसला होता, त्याला तिनं रस्त्यापलीकडून बोलायला लावलं; बिचारा घसा बसलेल्या माणसानं जेवढं ओरडावं त्याच्या दसपट ओरडला. आणि रोज सकाळी परसातून एकच हाक, "लघवी झाली का रे?" मास्तर बाटलीत मोजून आकडा सांगायचा. पाऊस किती पडला हे उंद्रीत कुणाला ठाऊक नसे, हा आकडा मात्र पारावर सगळ्यांना पाठ.

मग गावात कांजण्या आल्या. अक्काची झोप उडाली. तिनं डोकं लढवलं आणि आपल्याच धडधाकट घराच्या दाराला निंबाचा डहाळा बांधला. दाराला निंब म्हणजे आत देवी आलेली. परका माणूस उंबरा ओलांडत नाही. पुरुषांनी खरंच गल्ली सोडली. पण अक्का गावातल्या बायांना विसरली. देवीला थंड करायला दहीभाताची ताटं घेऊन अर्धा गाव दारात. एकीच्या कडेवर अंगभर पुरळ आलेली पोर.

"देवी नाही आली व माय, मीच खोटा निंब बांधला," अक्का सांगू लागली.

"असं बोलू नये अक्का, देवी कोपते," म्हणत बाया पुढे सरकल्या.

अक्का उंबऱ्यावर आडवी झाली. एकेक ताट स्वतःच्या हातानं घेतलं, पोरीच्या आईला दोन्ही हातांनी मागं सारलं, पोर गळ्यात पडली तीही परत दिली. आत कुणी गेलं नाही. नंतर न्हाऊन, लुगडं उकळून ती ओसरीतच निजू लागली. मी हसलो होतो.

पंधरवड्यानं एका सकाळी तिचं अंग तापलं. तिनं घोंगडी उचलली आणि भावाला न सांगता शेतातल्या खोपीत निघून गेली. मास्तर दारात येऊन हाका मारत राहिला, ती वळली नाही. आमची गल्ली इतकी शांत झाली की मला चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. एकदा मी मुद्दाम मोठ्यानं शिंकून पाहिलं. कुणी काही बोललं नाही.

माझ्या कांजण्या लहानपणीच होऊन गेलेल्या, म्हणून भाकर पोचवायचं काम माझ्याकडं आलं. आठव्या दिवशी गेलो तर अक्का खोपीच्या दाराशी बसलेली, तोंडभर खपल्या, डोळे सुजलेले. मास्तरला अजून काही आलं नव्हतं, पण धोक्याचे दिवस सरायचे होते.

"कशी आहेस अक्का?" मी विचारलं.

"त्याले लघवी झाली का?"

"झाली. कालच्या इतकीच."

"मंग भाकर ठेव अन् जाय."