रुखवतातला झोपाळा

आमच्या घरात नवीन वस्तू आली की आधी ती ठेवायची कुठे ते ठरतं, वापरायचं मग कधीतरी बघू. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो आणि चांगले कप शोकेसमध्ये. पाहुण्यांनासुद्धा रोजच्याच कपांतून चहा मिळतो, कारण चांगले फुटले तर काय घ्या. हे आईचं राज्य. माझी चाळिशी उलटली तरी शोकेसची किल्ली अजून माझ्या हाती आलेली नाही.

अशा घरात माझा भाऊ परदेशी नोकरीला जाताना आपला पोपट ठेवून गेला. पिवळा-केशरी, बाहेरच्या देशातल्या जातीचा, आणि त्याची कागदपत्रं आमच्या फ्लॅटच्या कागदपत्रांपेक्षा चोख. याला सतत काहीतरी उद्योग लागतो, असं भावाने चारदा बजावलं होतं. मी दिवसभर अंधेरीला ऑफिसात, त्यामुळे उद्योग पुरवायचं खातं आईकडे गेलं. आई त्याला ‘मेल्या’ म्हणायची आणि पेरूची पहिली फोड त्यालाच द्यायची.

दोन महिन्यांत मेल्याने स्वतःच्या छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली. रुपयाएवढं टक्कल पडलं, तेव्हा आम्ही त्याला घाटकोपरला पक्ष्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी सांगितलं, आजार काही नाही, हा कंटाळलाय. याची जात रानात दिवसभर काहीतरी फोडत, कुरतडत असते. इथे फोडायला काही मिळत नाही म्हणून स्वतःलाच सोलतोय. खेळणी द्या, मोडू द्या, मोडली की दुसरी द्या. नाहीतर उद्या जखमा होतील, आणि जखम चिघळली तर एवढासा जीव टिकणं कठीण. आई एकेका वाक्याला मान डोलवत होती. ‘मोडू द्या’ला ती मान थांबली, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी लगेच खेळणी मागवली: लाकडी ठोकळ्यांची माळ, सुकल्या पानांची चटई, आत खाऊ लपवायचा एक डबा. पंधरा दिवसांनी पाहिलं तर टक्कल दुप्पट झालेलं. शनिवारी मी जरा शोध घेतला. खेळणी सापडली शोकेसमध्ये, चांगल्या कपांच्या शेजारी. डब्याचं तर वेष्टनही काढलेलं नव्हतं.

चौकशीत कळलं, ते असं. पहिल्याच दिवशी मेल्याने माळेतला एक ठोकळा उभा चिरला. नवी कोरी माळ, एका दिवसात वाट लावली म्हणून आईने ती जप्त केली. मग रोज तासभर द्यायची, पुसायची आणि परत आत ठेवायची. वर पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून, जपून कसं खेळावं हे त्याला समजावून सांगायची. तो ऐकायचा म्हणे, फक्त वळण लागायला वेळ लागत होता.

मला हसू यायला हवं होतं, पण त्याची उघडी छाती दिसली आणि डोकं फिरलं.

“आई, शोकेस भरलंय आणि पोपट उघडा पडतोय,” मी म्हटलं.

तिने पिंजऱ्यासमोरची खुर्ची उचलली आणि भिंतीला लावली. आईने माघार घेतलीय असं आमच्या घरात कधी झालेलं नाही. मला वाईट वाटलं, कारण मीही काही वेगळी नाही. माझ्या दोन रेशमी साड्यांची घडी अजून मोडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला स्टुलावर चढवून पोटमाळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक झोपाळा निघाला, वीतभर उंचीचा, बांबूच्या कांबींचा, काथ्याने बांधलेला. त्यावर सुपारीचे नवरा-नवरी बसलेले. लग्नात मांडायला मुलीने हाताने केलेलं रुखवत. गावी असताना महिनाभर खपून तिने तो केला होता. करताना वाटायचं, नव्या घरात खिडकीत टांगीन, असं ती म्हणाली. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी, खराब होईल म्हणून, तिच्या सासूने तो ट्रंकेत घातला. पुढे सासू गेली, पण ट्रंक काही उघडली नाही.

आता मीच घाबरले. हा नको, मी दुसरी खेळणी आणते, म्हणून विनवण्या केल्या. आईने मला फक्त डॉक्टरबाईंना फोटो पाठवायला सांगितला. रंग नाही, तार नाही, गोंद नाही, हे विचारून घेऊन त्यांनी परवानगी दिली. पायात अडकतील असे लोंबते धागे तेवढे कापायचे. आईने नवरा-नवरीला अलगद सोडवून रुमालात ठेवलं, धागे कापले आणि झोपाळा पिंजऱ्यात टांगला.

मेल्या तासभर लांबून तिरका बघत राहिला. मग चढून बसला, दोन झोके घेतले आणि कामाला लागला. पहिली कांब कडकन मोडली तेव्हा आईने डोळे मिटले. पोपटाकडे बघायचं सोडून मी तिच्याकडेच बघत होते. लग्नाआधी तिने मारलेल्या गाठी तो एकेक करून सोडवत गेला. गुरुवारपर्यंत फक्त दोरी उरली, आणि त्या चार दिवसांत छातीला त्याने चोचसुद्धा लावली नाही.

मी काहीतरी माफीसारखं पुटपुटले. आई खालच्या चोया गोळा करत होती. मन भरून आलं की ती मालवणीत बोलते.

“बघूक ठेवललो,” ती म्हणाली. “खेळाक कामी इलो.”

मग शोकेसमधली सगळी खेळणी पिंजऱ्यात गेली. आता मेल्याच्या छातीवर बारीक लव दिसायला लागली आहे. शोकेसमध्ये कपांच्या शेजारी आता फक्त सुपारीचे नवरा-नवरी आहेत, तेही झोपाळ्याविना, जमिनीवर बसल्यासारखे.

परवा ऑफिसातून आले तर आई कांबी तासत बसलेली. दुसरा झोपाळा चालला होता, आणि प्रत्येक गाठ दोनदा ओढून पक्की करणं चाललं होतं. चार दिवसांत मोडणार, त्याला एवढं निगुतीने कशाला, असं मी चिडवलं. तिने मानही वर केली नाही.

“चार दिवस तरी बसतलो मा,” ती म्हणाली.