आमच्या बीपीवाल्या आणि त्यांची उलट उत्तरं

आमच्या स्टडीच्या फॉर्मवर सगळ्यात शेवटी एक चौकट आहे. 'इतर निरीक्षणे'. गरोदर बाईचं वजन, बीपी, लघवीतलं प्रोटीन, पोटातल्या बाळाची वाढ, सगळ्याला ऐसपैस रकाने. आणि बाई तोंडानं जे बोलली, त्याला दोन ओळी! मग ते बोलणं जाणार कुठं? आमच्या डब्याच्या टेबलावर. एकीनं एक सांगितलं की दुसरीला दोन आठवतात, आणि भाजी गार होते.

मी स्मिता. नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात रिसर्च नर्स. गरोदरपणात काही बायकांचं बीपी एकदम का चढतं, त्याचा बाळावर काय परिणाम होतो, आणि ते आधी ओळखता येईल का, हा आमचा विषय. आम्ही तिघी. फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या डॉक्टर, त्यांना अख्खं हॉस्पिटल नुसतं 'मॅडम' म्हणतं. घरोघरी जाऊन बीपी मोजणाऱ्या मंदाताई, कोपरखैरणे गावच्या आगरी. त्यांच्या आवाजाला माईक लागत नाही. आणि तिसरी मी.

लोकांना वाटतं, गरोदर बाई म्हणजे बिचारी. या आमच्याकडे!

*

स्टडीत यायचं तर बाईची स्वतःची सही लागते. एकदा एक जोडपं आलं. फॉर्म अठरा पानी. नवऱ्यानं खिशातून पेन काढलंच.

"द्या, मी करतो. तिला काय कळतंय त्यातलं!"

बायकोनं फॉर्म त्याच्या हातातून घेतला आणि वाचायला बसली. पहिलं पान, दुसरं पान, तिसरं. नवरा घड्याळ बघतोय, मी घड्याळ बघतेय. बाई बोट ठेवून ओळ न् ओळ वाचतेय. शेवटी मान वर केली.

"सिस्टर, पान सातवर 'सहभागी' लिहिलंय आणि पान अकरावर 'रुग्ण'. मी नक्की कोण?"

मी मॅडमना बोलावलं. मॅडमनी सातवं पान बघितलं, अकरावं बघितलं. आमच्या कमिटीतल्या एवढ्या शिकलेल्या माणसांनी तो फॉर्म पास केला होता!

"तुम्ही काय करता हो?" मॅडमनी विचारलं.

"रबाळ्याला औषधाच्या कंपनीत लेबलं चेक करते."

फॉर्म बदलला. सही तिनंच केली. नवऱ्याचं पेन मात्र वापरलं!

*

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर मोठा बोर्ड आहे, इथे मुलगा की मुलगी सांगितलं जात नाही, तो गुन्हा आहे. बोर्ड वाचूनसुद्धा काही जण आत येऊन घुटमळतात. एकजण असाच. कपड्यांना कडक इस्त्री, हातात कारची किल्ली. बायको टेबलावर पडलेली, आणि हा मॅडमच्या कानाशी.

"मॅडम, बाकी काही विचारत नाही. फक्त एवढंच सांगा, पेढे आणू का बर्फी?"

मॅडमनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

"दोन्ही बंद. हिची शुगर वाढलीय. आणि तुमचं पोट बघता तुमचीही तपासून घ्या!"

टेबलावरची बायको एवढी हसली की बाळाचं माप परत घ्यावं लागलं.

*

मी स्वतःही एकदा आपटले. एका बाईला रोजचं पाठ झालेलं सांगत होते. डाव्या कुशीवर झोपा, गोळी चुकवू नका, टेन्शन अजिबात घ्यायचं नाही.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "मी कुठं घेते सिस्टर? घरपोच येतं!"

त्या दिवसापासून मी ते वाक्य सल्ल्यातून काढून टाकलं.

*

मंदाताईंबरोबर मी एकदा होम व्हिजिटला गेले होते. सुनेचं बीपी मोजायचं होतं. सासू दारातच उभी.

"नको ती मशीन. आमचे टायमाला नव्हती असली थेरं. सात बाळंतपना केली मी. घरात!"

मंदाताई पायरीवर बसल्या. घाई नाही.

"सात झाली, बरा झाला आये. हायेत किती?"

म्हातारीनं बोटं मोजली. मग म्हणाली, "चार."

"मंग त्या तिघांचे वक्ताला कोनी मोजला होता काय?"

मला वाटलं आता आम्हा दोघींना बाहेर हाकलणार.  म्हातारी आत गेली, सुनेला हाताला धरून बाहेर आणलं, खुर्चीवर बसवलं. सुनेचं मोजून झालं तशी स्वतःची बाही वर केली.

"माझा पन मोज."

म्हातारीचं बीपी सुनेपेक्षा जास्त निघालं! आता मंदाताई गेल्या की आधी सासू हात पुढे करते.

*

वंदना तुर्भ्याला एका पॅकिंग युनिटमध्ये होती. आठवा महिना आणि दिवसभर उभ्यानं काम. खुर्ची मागितली तर सुपरवायझर म्हणायचा, "बैठना है तो घर पे बैठो."

आम्ही तिला चोवीस तासांचं बीपीचं मशीन लावलं. दंडाला पट्टा, कमरेला डबी. दर अर्ध्या तासानं पट्टा घुर्रर्र करून फुगतो आणि रीडिंग घेतो. वंदना ते लावून कामावर गेली. मशीन सुपरवायझरच्या समोरच घुरघुरलं.

"ये क्या है?"

"मशीन है."

"करता क्या है?"

"रेकॉर्ड करता है." खोटं काय होतं त्यात?

"कब तक?"

"चौबीस घंटा."

"और जाता किसको है?"

"बडी मॅडम को. सब लिखके रखते है."

जेवणाच्या सुट्टीआधी खुर्ची आली. हातवाली!

दुसऱ्या दिवशी वंदना मशीन परत द्यायला आली आणि म्हणाली, "सिस्टर, आठवडाभर राहू दे ना!" मशीन ठेवता येत नव्हतं, म्हणून मॅडमनी तिला बसून काम देण्याचं सर्टिफिकेट लिहून दिलं, शिक्क्यासकट. मग आम्ही ग्राफ काढला. सकाळभर रेघ वरच्या वर, आणि साडेबारापासून उतरत गेलेली. मॅडमनी त्या जागी पेनानं बाण काढला आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'इथे खुर्ची आली.'

*

रिव्ह्यू मीटिंगला आकडेवारीवाले एक सर येतात. स्क्रीनवर तक्ता लावून ते म्हणाले, "या बायका लॉस्ट टू फॉलोअप. म्हणजे हरवल्या. डेटातून काढून टाकू."

मंदाताई मागच्या खुर्चीवर चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"कोन हरवली?"

सरांनी तक्ता दाखवला. "ही बघा. सुवर्णा. सातव्या महिन्यानंतर काही पत्ताच नाही."

"सर, सातव्या महिन्यात बाई माहेरी जाते. तुमची मिसेस नव्हती गेली काय?"

सर काहीतरी बोलणार होते, तोवर मंदाताईंनी फोन लावून स्पीकरवर टाकला होता.

"सुवर्णा, कुठं हाय गो तू?"

"चिपळूनला, मावशी. आईकडे."

"हितं सर बोलतात, तू हरवलीस."

 सुवर्णा म्हणाली, "मी हाय हितंच. त्यांना विचारा, ते कुठं होते इतके दिवस?"

*

आणि ही रेखा.

कोपरखैरण्याला राहायची, तुर्भ्याला कंपनीत कामाला. तिचं बीपी सहाव्या महिन्यातच चढलं. औषधं झाली, ॲडमिट करून झालं, मॅडम रोज दोनदा बघायच्या. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. रेखानं आम्हाला वार तपासायला द्यायची परवानगी दिली होती. वार म्हणजे जी आईच्या रक्तातून बाळाला पोसते ती. तिचे तुकडे आम्ही मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवले.

दोन वर्षं गेली. प्रोजेक्टची मुदत संपली, कपाट रिकामं करा, जुने ठोकळे टाकून द्या, अशी ऑर्डर आली. नियम असा की फॉर्मवर 'मला कळवा' या चौकटीत ज्यांनी खूण केलीय त्यांना कळवायचं. त्या कपाटातल्यांपैकी खूण एकीचीच होती. मी फोन केला. वाटलं, बरं म्हणेल आणि ठेवून देईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेखा कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच हजर. हाफ डे टाकून.

"कुठं आहे ते?"

ऑफिसातले साहेब तिला समजवायला आले. "ताई, त्याचा आता काही उपयोग नाही."

"तपासलंत?"

"नाही, तुमचा नंबर यायच्या आत मुदत संपली."

"म्हणजे न वाचताच रद्दीत?"

  रेखानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, कपाटाच्या दाराला पाठ लावून ठेवलं आणि त्याच्यावर बसली.

"तपासा. मी बसते."

साहेब सिक्युरिटीला बोलवायचं म्हणत होते, तेवढ्यात मॅडम आल्या.  रेखाच्या खांद्यावर हात ठेवून तिला जरा बाजूला केलं, कपाट उघडलं, ठोकळा काढला आणि हातमोजे घातले. "स्मिता, लॅबवाल्यांना सांग, आजचं बाकीचं उद्या."

ठोकळा कापून, रंगवून स्लाइड तयार व्हायला संध्याकाळचे पाच वाजले. रेखा तोवर हलली नाही. मंदाताईंनी दिलेली अर्धी भाकरी तेवढी खाल्ली.

मॅडमनी तिला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. आधी एका नीट बाळंत झालेल्या बाईची स्लाइड दाखवली, मग तिची.

"या नळ्या बघ. इथून बाळाला रक्त जातं. पहिलीत केवढ्या रुंद आहेत. तुझ्यात त्या उघडल्याच नाहीत."

"कधीपासून?"

"अगदी सुरुवातीच्या महिन्यांपासून."

रेखा डोळा लावून बसली होती. 

"म्हणजे पपईनं नाही. घरात दोन वर्षं तेच ऐकतेय."

"नाही."

"ग्रहणात बाहेर गेले म्हणून पण नाही."

"नाही, रेखा."

ती सरळ झाली. पदर नव्हता, म्हणून युनिफॉर्मच्या बाहीनं तोंड पुसलं. मग पर्समधून मोबाईल काढला.

"मॅडम, याचा फोटो काढते. मोठ्ठा करून हॉलमध्ये लावणार आहे. टीव्हीच्या वर!"