सैल नको, घट्ट नको

पट्टीबाईंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारा आता एकटा त्यांचा नवराच उरला होता, आणि तोही जेवायला उशीर झाला तरच. बाकी सगळ्यांना त्या पट्टीबाई. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, गळका नळ आणि डुगडुगणारा बाक यांच्यामध्ये बसून त्या लहान मुलांचे दंड मोजायच्या. तीन रंगांची पट्टी दंडाभोवती गुंडाळायची आणि कुठला रंग आला ते सांगायचं. हिरवा आला तर मूल ठीक, पिवळा आला तर खंगायला लागलेलं, लाल आला तर जिवावरचं. काम एवढंच, पण त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवीन बायांना शिकवताना त्यांचं एकच पालुपद असे, "सैल नको, घट्ट नको. मूल रडलं तर पट्टी चुकली."

पूर्वी आया सैल धरायला सांगायच्या. मूल पिवळं निघालं तर चारचौघांत लाज. "सासूबाई बाहेर उभ्या आहेत हो," असं कुणी कुजबुजलं की पट्टीबाई म्हणत, "पट्टी सासू बघून रंग बदलत नाही." डॉक्टरांचा भाचा पिवळा निघाला, तेव्हा तेही त्यांनी डॉक्टरांच्या तोंडावर सांगितलं होतं. डॉक्टर नंतर बरेच दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत.

मग वर कुठेतरी जगातली भूक संपवण्यासाठी मोठी परिषद भरली. अभ्यासकांनी अभ्यास केला, आणि पैसा अपुरा असल्यानं भूक आधी लाल मुलांची संपवायची असं ठरलं. खंगलेल्या मुलांना दवाखान्यातून मिळणारी शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं यापुढे फक्त त्यांना. पिवळ्यांनी दम धरावा. पट्टीबाईंना ते पटलं. आधी जळतं घर विझवावं, एवढं त्यांनाही कळत होतं.

आता आया उलटं मागू लागल्या.

"बाई, जरा घट्ट ओढा ना," कोपऱ्यावरची इस्त्रीवाली म्हणाली. "लालच्या काठावरच आहे माझा."

"काठावर म्हणजे अलीकडेच. पिवळा."

इस्त्रीवालीनं मुलाला उचललं आणि ती चालू लागली. भांडली असती तर पट्टीबाईंना सोपं गेलं असतं.

पुढच्या महिन्यात ती परत आली. मूल तिच्या खांद्यावरून मान उचलत नव्हतं. पट्टीबाईंनी पट्टी लावली, सैल नाही, घट्ट नाही.

"लाल," त्या म्हणाल्या.

"आला लाल?" इस्त्रीवालीचा चेहरा उजळला. तिनं पट्टीबाईंचे दोन्ही हात धरले. "देव तुमचं भलं करो, बाई." पाकिटं पदरात घेऊन ती निघाली, तेव्हा बाकावरच्या बायका म्हणाल्या, "नशीब काढलं हो पोरानं."

पट्टीबाई उठल्या आणि गळक्या नळाखाली बराच वेळ हात धूत राहिल्या. या हाताचा त्यांना जन्मभर अभिमान होता. आज त्याची लाज वाटली.

पुढचा नंबर बाजारातल्या हमालाच्या आईचा होता. मांडीवर नात. म्हातारीनं काही मागितलं नाही. मागायची सवय नसलेल्यांपैकी ती होती. पट्टीबाईंनी पट्टी लावली. पिवळा, लालच्या काठावर. नात पट्टीचे रंग बघत गप्प बसली होती.

पट्टीबाईंनी ओढली. पोरीनं भोकाड पसरलं.

शेजारच्या टेबलावर वजनं घेऊन नोंदी करणारी बाई त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तिनं मान वर केली.

"बाई, पोरगी रडतेय."

"भूक लागली असेल तिला," पट्टीबाई म्हणाल्या. "लाल लिही."