थोरल्या भावजींसमोर विचारलेला प्रश्न

सत्तर सालानंतरची दोन-चार वर्षं गेली असतील. कुपवाडच्या वर्कशॉपमधून कडेगावला येताना हे फटफटीवरून पडले, डोकं दगडावर आपटलं. सांगलीच्या दवाखान्यात एक्स-रे निघाला. कवटीला केसाएवढी चीर होती. डॉक्टर म्हणाले, "फोटोत हाड दिसतं, मेंदू दिसत नाही. आत रक्त साचतंय का, ते यांना विचारत राहूनच कळणार."

तासातासाला नर्स नाडी मोजायची, बॅटरीनं डोळ्यांच्या बाहुल्या बघायची आणि विचारायची, नाव काय, गाव कुठलं, ही कोण? उत्तरं चुकली तर पुण्याला नेऊन मानेच्या शिरेत औषध सोडून फोटो काढायचा, वेळ पडली तर कवटी उघडायची.

मला याद्यांची सवय. मीही वहीत रकाने आखले. कोण भेटायला आलं, हेही लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं जाऊबाईंकडे बोट केलं. "ही कोण?"

"वहिनी," हे लगेच म्हणाले.

"आणि ही?"

माझ्याकडे न बघताच ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. नर्सनं लिहिलं, पत्नीला ओळखत नाही.

आईविना पोर म्हणून ह्यांना जाऊबाईंनीच वाढवलेलं. ठाऊक असूनही मला ते खुपलं. जाऊबाई म्हणाल्या, "मनाला लावून घिऊ नगंस. माझ्या कडंवर वाढलाय त्यो." ते समजावणं जास्तच झोंबलं.

दुपारपर्यंत दर वेळी तेच. डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळी पुण्याला हलवू."

मी वही उघडली. पलटणीतून रजेवर आलेले थोरले भावजी दर वेळी खाटेच्या पायथ्याशी उभे होते. आमच्याकडं थोरल्यांसमोर कुणी बायकोचं नाव घेत नाही, 'बायको' असंही म्हणत नाही.

"आक्का," मी जाऊबाईंना म्हणाले, "भावजींनी सकाळधरनं चहा घेतला न्हाई. घिऊन जावा की त्यास्नी."

ती दोघं गेल्यावर नर्सला म्हटलं, "आता विचारा."

"ही कोण?"

हे वैतागले. "किती येळा इचारता? दादासमोर सांगू व्हय? बायको हाय माझी." आणि माझं नाव घेतलं, अगदी स्पष्ट.

पुणं टळलं. मी वेळ लिहिली, नाडी लिहिली, पुढं माझं नाव लिहिलं.

तेवढ्यात हे म्हणाले, "वहिनी जेवली का गं? उपाशी असंल ती."

हे मात्र मी वहीत लिहिलं नाही.