इंग्लंडचं घड्याळ आणि वळसंगची संध्याकाळ

या ब्लॉगवर मी एरवी डोंगर, घाट आणि कुठं काय खावं याबद्दल लिहितो. हा प्रवास ठरवून केलेला नव्हता. तरी लिहितोय, कारण परदेशातून रोज घरी फोन करणारे बरेच जण हे वाचतात.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. लीड्समध्ये त्या पहाटे घड्याळं एक तास मागं जातात. मी मजेत उशिरा उठलो आणि दुपारी एकला, रोजच्या वेळी, आईला फोन लावला. आई सोलापूरजवळ वळसंगला एकटी राहते. फोन शेजारच्या महादेवीकाकूंनी उचलला.

"नंदू, आई पडलीय रे. उठता येईना तिला. गाडी बोलावलीय. तू निघ."

मंगळवारी सकाळी मुंबईत उतरलो. सणाचे दिवस, रेल्वेचं तिकीट मिळालं नाही. तुम्हाला मिळालं तर रेल्वेच घ्या. मी टॅक्सीनं पुणं गाठलं आणि स्वारगेटवरून सोलापूरची एसटी धरली. पाच तास लागतात, रस्ता उत्तम आहे. भिगवणच्या पुढं उजनीचं पाणी दिसतं, एरवी मी तिथं फोटो काढतो. शेजारी मोहोळचे एक काका बसले होते. त्यांनी माझ्या मनगटाकडं पाहिलं.

"घड्याळ बंद पडलंय व्हय?"

"नाही, तिकडची वेळ आहे. इंग्लंडची."

"मग हितं काय उपेग त्याचा?"

टेंभुर्णीला गाडी थांबली, तिथं चहा घेतला तेव्हा काटे फिरवले.

सोलापूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. आई पलंगावर इतकी लहान दिसत होती की मी आधी तिला न ओळखता पुढच्याच पलंगाकडं गेलो.

"आरं, एवढ्या लांबनं कशाला आलास?" ती म्हणाली. कशी पडलीस विचारलं, तर म्हणाली, "पाय घसरला."

खरं काय ते काकूंनी खाली उपाहारगृहात सांगितलं. समोर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही होतं. सोलापुरात आलात तर हे खाच.

"साडेपाचला तुझा फोन येतो की. आला न्हाय. फोन हातात धरून बसली. मग माझ्याकडं आली, म्हनली, बिघडलाय बघ. मी माझ्या फोनवरनं तिला लावून बघितला. वाजत हुता. मग तिला लईच घोर लागला. नंदूलाच काय झालं असंल म्हनली. बाहेरदेशी फोन लावायला आमाला कुटं येतंय? देवळापाशी रेंज चांगली असती, तितं तरी तुझा फोन लागंल म्हणून तिकडं निघाली. अंधारून आलं हुतं. पायरी दिसली न्हाय तिला."

इथं कारखान्यात माझी जेवणाची सुट्टी एकला असते, म्हणून रविवारीही फोन तेव्हाच. शनिवारपर्यंत लीड्सचे दुपारचे एक म्हणजे वळसंगचे साडेपाच. रविवारपासून साडेसहा. गेली तीन वर्षं हा हिशेब बाबा ठेवायचे. ते गावच्या शाळेत शिक्षक होते. ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये ते आईला आठवडाभर आधी, फोनची वेळ बदलणार, एवढंच बजावून ठेवायचे. बाबा या आषाढात गेले. आणि मी सांगायला विसरलो.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवसांनी, आई उशीला टेकून बसली तेव्हा, मी तिला सगळं सांगितलं.

"तास मागं घेत्यात? कोन?"

"सरकार."

"कशाला?"

"उन्हाळ्यात संध्याकाळी जास्त उजेड मिळावा म्हणून पुढं नेतात. थंडीत परत मागं आणतात."

"तुला आधी म्हाईत हुतं?"

"होतं."

"मग सांगायचं की रे."

एवढंच बोलून तिनं तोंड वळवलं. रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्याशी बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिची लुगडी आणायला वळसंगला गेलो. अक्कलकोटकडं जाणारी एसटी गावातूनच जाते, पाऊण तास लागतो. मी आल्याचं कळताच शाळेच्या मोठ्या बाई विचारपूस करायला घरी आल्या. त्यांनाही मी घडलं ते सांगितलं.

"आम्हीही वेळ बदलतोच," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात सकाळची शाळा. घंटा आधी वाजवली की झालं, असं मला नवीन असताना वाटायचं. तुमचे बाबा, म्हणजे आमचे गुरुजी, म्हणाले, बाई, माळावर मेंढरं घेऊन गेलेल्यांना कोण सांगणार? मग स्वतः सायकलवर वस्त्या-वस्त्यांवर जायचे. एक घर सोडायचे नाहीत."

बाई गेल्यावर मी देवळापर्यंत चालत गेलो. पायऱ्या तीनच आहेत. तिसरी झिजलीय. सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटांत ती खरंच दिसेनाशी होते.

आईला घरी आणून, महादेवीकाकूंच्या भरवशावर सोडून, तीन आठवड्यांनी मी परतलो. कारखान्यात जेवताना घड्याळाचा विषय निघालाच. कुणी म्हणालं, हा खेळ बंद करा. कुणी म्हणालं, जूनमधल्या संध्याकाळी गेल्या तर इथं उरलं काय? मला त्या संध्याकाळी अजूनही आवडतात. कामावरून सुटल्यावर मैदानावर चार तास ऊन असतं, आणि इथल्या थंडीनंतर ते ऊन औषधासारखं लागतं. त्यामुळं बदल निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही, असंही आता म्हणवत नाही. इथल्या माणसांना तो टीव्ही सांगतो, फोन आपोआप सांगतो. ज्यांचा दिवस इथल्या घड्याळाला बांधलाय पण जी इथं राहत नाहीत, त्यांच्याकडं जाणारं कुणी नसतं. तुमच्या घरीही असं कुणी असेल तर आठवडाभर आधी सांगा. आदल्या दिवशी पुन्हा सांगा.

मी साहेबांकडं थंडीपुरती जेवणाची सुट्टी बाराला मागितली. कारण सांगितलं. ते हो म्हणाले.

पहिल्या दिवशी बाराला फोन लावला. वळसंगला साडेपाच. पहिल्याच रिंगला उचलला.

"काठी धरून दारापत्तुर गेले आज," आई म्हणाली. मग थांबून विचारलं, "तितं उजेड हाय का?"

मी खिडकीतून पाहिलं. बाहेर ढग होते आणि भरदुपारी रस्त्यावरचे दिवे लागले होते.

"हाय की," मी म्हणालो.