दोन भाकरी, तीन माणसं

मी पदवीधर झालो तो देवरे बाईंमुळे. नामपूरच्या शाळेत त्यांनी मला गणित शिकवलं. उत्तर बरोबर असलं तरी त्या अर्धा गुण कापायच्या आणि समासात लाल शाईने लिहायच्या, ‘पायरी गाळली’. निवृत्तीनंतर त्या नाशिक रोडला राहायला आल्या. त्यांना जाऊन सहा आठवडे झाले. कॉलनीतल्या शोकसभेत माझ्या जुन्या कॉलेजचे प्राचार्य हसत म्हणाले, “आमचा कॉम्प्युटर बाईंनीच सुधारला!” टाळ्या पडल्या. मी उठून बाहेर आलो, नळावर चूळ भरली...

तेव्हा, नव्वदच्या दशकात, हेच गृहस्थ कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. निकाल पहिल्यांदाच मशीनवर लागला आणि मी नापास झालो. तीन चाचण्यांत चाळीस, एकोणचाळीस, चाळीस. सरासरी एकोणचाळीस पूर्णांक दोन तृतीयांश. अर्ध्याच्या वर गेलं की पुढचा अंक धरायचा नियम, म्हणजे चाळीस, पास. कागदावर मात्र एकोणचाळीस. वर्ष गेलं असतं तर वडिलांनी मला परत शेतावर नेलं असतं. मी कळवताच बाई नामपूरहून पहिल्या एसटीने आल्या.

“बाई, कॉम्प्युटर चुकत नसतो,” प्रमुख म्हणाले. “तुमचं पाटीवरचं गणित नामपूरलाच ठेवा.”

“ठेवते. त्याआधी त्याला विचारा, दोनाला तिनाने भागून किती?”

प्रमुखांनी निकालाच्याच प्रोग्रॅममध्ये आकडे टाकले. पडद्यावर आलं, शून्य.

“हाई काय शे?” बाई अहिराणीवर आल्या. “दोन भाकरी तिघांत वाटल्या, तर तिघंही उपाशी? तुमच्या घरी असंच वाढतात का, साहेब?”

प्रोग्रॅम फक्त पूर्ण संख्या ठेवत होता. अपूर्णांक छाटून टाकत होता. बाईंनी तिथेच बसून सगळी यादी हाताने तपासली. असे आम्ही सात जण निघालो. प्रमुख म्हणाले, “बघतो.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एकट्यालाच बोलावलं, नवी गुणपत्रिका दिली आणि माझी तक्रार मिटल्याच्या कागदावर सही घेतली. बाकीच्या सहांचं वर्ष बुडालं. सटाण्याचा एक जण पुन्हा कॉलेजात दिसलाच नाही.

सभेत प्रमुखांची किळस आली खरी, पण टाळ्या वाजवणाऱ्या हातांत माझेही होते. चूळ भरून ती चव जात नाही.

निघताना बाईंच्या भाच्याने त्यांच्या कंपासपेटीत जपलेलं माझं तेव्हाचं पत्र हातात दिलं. शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ आहे, आणि समासात ते ओळखीचे दोन शब्द.

‘ती. बाईंस,
शि. सा. न. तुमच्या कृपेने मी पास झालो. नवी गुणपत्रिका मिळाली. आई म्हणते, बाईंना पेढे नेऊन दे. बाकीच्या सहा जणांचं विचारू नको असं साहेब म्हणाले, म्हणून मी विचारलं नाही.’